कोयनेच्या उलट्या अंगाने

शनिवार, रात्र. चिपळूण.

कराडहून माहेरी यायचं तर चिपळूण रोडच. कागदावर तो आधी गुहागर-विजापूर राज्यमार्ग होता, आता राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झालाय. पाट्या बदलल्या, बोलणं बदललं नाही. एसटीत कुणी 'एकशे सहासष्ट ई' म्हणालं तर कंडक्टर त्याला सर्व्हेवाला समजेल.

विजयनगर, सुपने, विहे, मल्हारपेठ, निसरे, नवारस्ता, पाटण. तिथपर्यंत कोयना डाव्या अंगाला असते. दिसते असं नाही. मध्ये ऊस असतो, बाभळी असतात, वीटभट्ट्या असतात. पण गाडीतल्या प्रत्येकाला ती कुठे आहे ते ठाऊक असतं. रस्ता तिच्या उलट चालतो. ती कराडकडे उतरते, आपण तिच्या मुळाकडे चढतो. चढण इतकी मवाळ की पाटणपर्यंत ती कळतही नाही. उसाची जागा भातखाचरं घेऊ लागली आणि खिडकीतून येणारी हवा ओली झाली की समजायचं, घाट जवळ आला.

ही नदी मुळातच वाकड्या चालीची. महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर सरळ दक्षिणेला धावते. इकडच्या बाकीच्या नद्या पूर्वेची वाट धरतात, हिला ते हेळवाकला सुचतं. तिथे काटकोनात वळून ती कराड गाठते आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भिडते. कराडचे लोक संगमाचं कौतुक सांगतात ते योग्यच आहे. पण मला विचाराल तर खरी गंमत हेळवाकच्या वळणात आहे. तिथे थांबून कुणी फोटो काढत नाही, कारण सगळ्यांना पुढे धरण बघायचं असतं.

पावसाळ्यात या रस्त्यावरची माणसं आकड्यांत बोलतात. आजही मल्हारपेठला चढलेल्या दोघांचं तेच चाललं होतं. धरणाच्या पाणलोटातल्या नवजाला पाऊस किती झाला, महाबळेश्वरला किती, धरणात टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी) किती, आवक किती. 'पायथ्याचे एकवीसशे चालूच हायत, दरवाजे सोमवारपातूर उचलत्यात बघ.' पायथ्याचे एकवीसशे म्हणजे धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून नदीत सुटणारे २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी; त्यातला पाव टीएमसीसुद्धा कुणी गाळत नाही. वर्षही इथे जानेवारीत सुरू होत नाही, कोयनेच्या पाण्याच्या हिशेबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. सहा वक्र दरवाजे किती फुटांवर उचलले यावर मूळगावचा जुना पूल पाण्याखाली जाणार की नाही हे ठरतं, आणि त्यावर पलीकडच्या लोकांची दूध घालायची वाट ठरते.

पाटणला गाडी रिकामी झाली आणि शेजारी एक आजोबा येऊन बसले. पांढरी टोपी, गुडघ्यावर नायलॉनची पिशवी, पिशवीत गुंडाळलेलं घोंगडं. पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यामुळे तिकीट फुकट, माझं अर्धं. कंडक्टर हसून म्हणाला, 'या सीटवर महामंडळाचं काय खरं नाही.'

आजोबा हेळवाकला पुतण्याकडे निघाले होते. येत होते सोलापूर जिल्ह्यातून. मूळ गाव कुठलं विचारलं तर त्यांनी हनुवटीनेच पुढचा डोंगर दाखवला. 'धरनात.' मग जरा वेळाने मला विचारलं, 'तू कुठं चाललीस, पोरी?'

'चिपळूणला, आजोबा. माहेर आहे.'

'मग बरुबर हाय,' ते म्हणाले. 'आमी गेलो सोलापूरकडं आन् आमचं पानी गेलं तुमच्या चिपळुनाला.'

त्यात टोमणा नव्हता. पण मला उत्तर सुचलं नाही, कारण ते अक्षरशः खरं आहे. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जातं, तिथून कोळकेवाडीच्या धरणात, अलोऱ्याला पुन्हा एकदा वीज करतं आणि मग वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णा पाणी तंटा लवादाने विजेसाठी पश्चिमेला वळवायची वर्षाची मर्यादाच ६७.५ टीएमसी ठरवून दिली आहे. धरणाच्या साठवणीच्या निम्म्याहून जास्त. बंगालच्या उपसागराला जायचं पाणी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. रस्ता कुंभार्लीच्या घाटात वळसे घेत, ट्रकांच्या मागे रांगत डोंगर ओलांडतो. पाणी खालून केव्हाच पलीकडे पोचलेलं असतं.

आणि ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली ते सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे असे विखुरले. धरण १९६४ चं. विस्थापितांचे जमिनीचे अर्ज आणि आंदोलनं मात्र अजून चालू आहेत, दोन पिढ्या होऊन गेल्या तरी. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले हे आम्ही शाळेत अभिमानाने लिहायचो, लिहायलाच हवं. त्याच धड्यात या माणसांसाठी दोन ओळी का नव्हत्या, हे मला आज येराडच्या आसपास पहिल्यांदा नीट टोचलं. आजोबांना काही टोचत नव्हतं. ते पिशवीतलं घोंगडं पुन्हा पुन्हा चाचपत होते, पावसात भिजलं का बघायला.

भूकंपाचं मी त्यांना विचारलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. तेव्हा ते तरुण होते, कोयनानगरलाच रोजावर. 'आधी आवाज आला. ट्रक आल्यावानी. मग भित.' पुढे काही बोलले नाहीत आणि मीही खोदलं नाही. १७५ हून जास्त माणसं गेली त्या पहाटे. सासूबाई तेव्हा लहान होत्या, पाटणला आजोळी. त्या सांगतात की नंतर कित्येक महिने सगळी आळी अंगणात झोपायची. धक्के अजूनही बसतात, लहान लहान. इकडचे लोक कुशीवर वळतात आणि परत झोपतात.

हेळवाकला आजोबा उतरले. उतरताना 'बरं हाय' एवढंच. पुतण्या छत्री घेऊन उभा होता, त्याने आधी घोंगडं घेतलं, मग त्यांचा हात धरला.

पाटणच्या पुढच्या रस्त्याबद्दल काय लिहावं? कराडकडचा भाग काँक्रीटचा झाला, गाडी मजेत पळते. त्यासाठी कडेची जुनी झाडं गेली ती गेली. पुढचा तुकडा मात्र वर्षानुवर्षं खणलेला, बुजवलेला, परत खणलेला. आमच्या गाडीचा पाटा आज कुठे तुटला नाही याचं श्रेय चालकाचं, बांधणाऱ्यांचं नाही.

घाटात धुकं दाट होतं, गाडीचे दिवे लागले. पोफळीला उतरल्यावर एकदम कोकणचा चिकट उकाडा. बाबा स्टँडवर आले होते. घरी आईने पहिला प्रश्न विचारला तो धरणाचाच, कोळकेवाडीतून किती सोडतायत काही कळलं का म्हणून. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात माळ्याला टेकेल इतकं पाणी होतं. त्याच पावसात घाटाच्या त्या बाजूला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. चिपळूणमधली निम्मी माणसं अजून धरणाच्या पाण्याला दोष देतात, उरलेली निम्मी पाऊस, भरती आणि वाशिष्ठीतल्या गाळाला. बाबा दुसऱ्या गटातले, आई पहिल्या. जेवताना हा वाद झाला. दर पावसाळ्यात होतो, मुद्दे तेच असतात.

आजोबांचं वाक्य मी आईला सांगितलं. ती भात वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, 'त्यांना म्हणावं, पाणी न्या परत. आम्हाला पुरून उरलंय.' मग स्वतःच हसली. आणि लगेच विचारलं, सोलापूरला त्यांना जमीन तरी मिळाली का? ते मी विचारलंच नव्हतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने परत. दरवाजे उचलले तरी मोठा रस्ता चालू असतो, त्यामुळे रजा वाढवायला तेही कारण चालायचं नाही.