तुम्ही विचारलंत म्हणून: लळा कधी लागला?

‘हिला तुमचा लळा लागायला किती दिवस गेले हो?’ आम्ही मुलगी दत्तक घेतलीय हे कळलं की दोन-चार वाक्यांत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांतले काही स्वतः त्या वाटेवर असतात, काहींना नुसतं कुतूहल असतं. घाईत असले की ‘लागला हळूहळू’ म्हणून मी मोकळी होते. आज जरा सविस्तर सांगते.

ती घरी आली तेव्हा दीड वर्षाची होती. कुणाच्याही कडेवर जायची, समोर येईल ते मुकाट खायची, झोपताना कटकट नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, ‘किती गुणी पोर! लगेच रुळली की.’ एकदा दाराच्या फटीत तिचं बोट चेंगरलं. मला कळलं तेव्हा ती ते बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरून, भिंतीकडे तोंड करून उभी होती. आवाज नाही, डोळे कोरडे. उचलून घेतलं तर अंग ताठ.

मूल रडतं ते कुणीतरी येईल म्हणून. पुन्हा पुन्हा रडूनही कुणी आलं नाही, की ते रडणं सोडून देतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्यांनी लंडनमध्ये इस्पितळात ठेवलेली, आईवडिलांपासून दुरावलेली लहान मुलं जवळून पाहिली. ती आधी आकांत करत, मग मलूल होत आणि शेवटी हसतखेळत सगळ्यांचं ऐकू लागत. कर्मचारी म्हणत, रुळलं. पण आई भेटायला आली की तेच मूल तिच्याकडे पाठ फिरवी. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी, बालमनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांना काळजी वाटली ती नेमकी या ‘रुळण्या’ची. रोमानियात १९८९मध्ये हुकूमशाही कोसळल्यानंतर बाहेरचे लोक अनाथालयांत जाऊ लागले, तेव्हा तान्ह्या मुलांनी भरलेल्या खोल्यांमधली शांतता त्यांना हादरवून गेली होती. त्यामुळे ‘अजिबात रडत नाही हो’ हे कौतुक कानावर आलं की मला अजूनही कसंसं होतं.

तर आम्ही वाट बघत होतो ती तिच्या रडण्याची. समुपदेशक बाईंनी बजावलं होतं की सुरुवातीचे काही महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं, लागलं-खुपलं बघणं हे सगळं तुम्ही दोघांनीच करायचं. इतरांनी खेळावं, पण पोटाची भूक आणि दुखणं भागवणारे हात तेच ते हवेत. हे नातेवाइकांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड गेलं. सासूबाई तर चांगल्याच रुसल्या, आणि त्यांचं वाईट वाटणं मला समजतही होतं.

दुसरी गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला. मूल दूर ढकलतं तेव्हा आपणही नकळत मागे सरतो, ‘नको म्हणतेय ना, राहू दे’ म्हणतो. मेरी डोझियर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी तात्पुरत्या पालकांकडे आलेल्या लहानग्यांचा अभ्यास केला, त्यात हेच दिसलं: मूल तोंड फिरवतं आणि मोठी माणसंही तशीच वागू लागतात. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे मुलानं मागितलं नाही तरी माया द्यायची. म्हणून ती पडली की मी जवळ जाऊन बसायची, ‘लागलं ना? कुठे, बघू?’ विचारायची. ती ढिम्म बघायचीही नाही. कधीकधी वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय.

मग एका संध्याकाळी टेबलाचा कोपरा तिच्या कपाळाला लागला. खोलीत चार-पाच माणसं होती, एकानं पटकन हातही पुढे केला. तो चुकवून तिनं आधी नजरेनं मला शोधलं आणि मगच भोकाड पसरलं. त्यानंतर गुणी पोर संपली. ताटावर रुसवे, रात्री गळ्याला मिठी, मी न्हाणीघरात गेले की दारावर थापा. आता लोक म्हणू लागले, ‘फार लाडावून ठेवलीय.’

मोठं मूल घरी आणताना हे जमेल का, असंही विचारतात. रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, २०००मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात संस्थेतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून तात्पुरत्या पालकांच्या कुटुंबांत पाठवलं होतं. कुटुंबात गेलेल्यांचा जिव्हाळा संस्थेत राहिलेल्यांपेक्षा पक्का झाला, दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा अधिक. वयानं फरक पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण म्हणून दोन वर्षांनंतर दार बंद होतं असंही नाही. मोठ्या मुलाला वेळ जास्त द्यायचा आणि मिठीची अपेक्षा कमी ठेवायची, एवढं मी माझ्या पदरचं सांगेन.

मला तिचा लळा कधी लागला, हे मात्र कुणी विचारत नाही. सुरुवातीला माझ्या मनात होती ती जबाबदारी आणि धास्ती. दुसऱ्याची किमती वस्तू सांभाळायला घेतल्यासारखी. माया मागून आली, तिचं नाक पुसता पुसता, तिच्यासाठी रात्री उठता उठता. दत्तक पालकांनाही मूल घरी आल्यावर उदासी ग्रासू शकते, आणि इतक्या वर्षांनी हवं ते मिळालं असताना ती बोलून दाखवायची चोरी होते. एखादी नवी आई मला बाजूला घेऊन ‘मला अजून काहीच वाटत नाहीये’ असं सांगते, तेव्हा मी तिला म्हणते, समुपदेशकांना उद्याच फोन कर आणि आधी हेच सांग, मुलाचं मग बोलू.