धुराचा हिशेब

जानेवारी लागला की आमच्या शाळेच्या मैदानावर पिंपळाच्या आणि देशी बदामाच्या पानांचा थर साचतो. पद्धत अशी की प्रार्थनेआधी मुलांनी मैदान झाडायचं आणि ढीग कोपऱ्यात पेटवून द्यायचा. पानं दवानं ओली, त्यामुळे जाळ कमी आणि धूर फार. नववीतल्या एका मुलीला दम्याचा त्रास आहे. तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, धूर मोजता येतो का?"

येतो, आणि शाळेत आहे त्या सामानात येतो. काचपट्टीवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा, ती तासभर टांगून ठेवायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली धरून नजरेच्या गोलात दिसतील तेवढे काळे कण मोजायचे. पट्टी सरकवत पाच ठिकाणी मोजून सरासरी काढायची. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं ढिगाजवळ, वर्गाच्या खिडकीत आणि गेटापाशी पट्ट्या लावल्या. वारा कुठून आहे तेही रोज वहीत लिहिलं.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आम्ही हा प्रकल्प घेऊन खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो. जुन्नर तालुक्यातल्या शाळांना हा दिवस जत्रेसारखा असतो. आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जीएमआरटी या केंद्राच्या 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणींपैकी काही इथं शेतांमधून उभ्या दिसतात. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत; रेडिओ लहरी त्यावरून परततात आणि वारा आरपार जातो. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण, म्हणून आवारात मोबाइल बंद. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

दुपारी गळ्यात ओळखपत्र असलेले एक संशोधक आमच्या टेबलाशी थांबले. तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "गेटाजवळचे कण धुराचेच कशावरून?"

माझ्या पोटात गोळा आला. पण तिनं शांतपणे वही उघडली. "सर, रविवारी जाळत नाहीत, तेव्हापण पट्ट्या लावल्या होत्या. गेटाजवळ रविवारीही जवळपास तेवढेच कण आले. ते रस्त्याच्या धुळीचे असतील. म्हणून धूर गेटापर्यंत जातो असं आम्ही लिहिलं नाही. वर्गाच्या खिडकीत मात्र रविवारी खूप कमी आले."

ते स्टूल ओढून बसलेच. पुढचा बराच वेळ या दोन मुली आणि ते! मी बाजूला उभी राहून ऐकत होते. त्यांनी सांगितलं, की फुफ्फुसात खोलवर जाणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहून लहान. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसतात ते थोराड कण. खरा त्रास देणारे तुमच्या मोजणीत आलेलेच नाहीत. "मग ते कसे मोजायचे?" तिनं लगेच विचारलं. हवेच्या झोतावर लेसरचा प्रकाश सोडायचा आणि कणांवर आपटून तो किती विखुरतो ते मोजायचं, असं उत्तर आलं. रामन यांनी 1928 मध्ये याच तारखेला लावलेला शोधही प्रकाशाच्या विखुरण्यातलाच, पण तो रेणूंच्या पातळीवरचा, त्यात प्रकाशाचा रंग बदलतो, हेही त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. तो कागद तिनं वहीत डकवलाय.

मला मनापासून वाटतं, आपल्या मुलांना प्रदर्शनासाठी ज्वालामुखीच्या विकतच्या प्रतिकृतीची गरज नाही. स्वतःच्या अंगणातला प्रश्न हवा आणि तो ऐकून घेणारं कुणीतरी हवं. संधी आहेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून नेमकं हेच मागते: मुलांचा गट, स्थानिक प्रश्न, स्वतः केलेली मोजमापं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत मुलाची नवी कल्पना निवडली गेली तर मुलाच्या खात्यात 10,000 रुपये येतात. सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. पण ही परिपत्रकं कार्यालयातल्या फायलीला लागतात आणि तिथंच राहतात. ती वर्गात वाचून दाखवणं हे आम्हा शिक्षकांचंच काम आहे. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

परतल्यावर मुलींनी मुख्याध्यापकांना तक्ता दाखवला. जाळणं त्याच आठवड्यात बंद झालं. मैदानाच्या कडेला खड्डा घेतला. त्यात पानांचा एक थर, वर शेणकाला, पुन्हा पानं. नुसती पानं लवकर कुजत नाहीत, त्यांना शेणातलं नत्र लागतं आणि ओल टिकवावी लागते. पाणी मारायची पाळी आठवीकडे आहे. बदामाची जाड पानं अजून तशीच आहेत, पिंपळाची काळी पडू लागलीत.

मी म्हटलं, आता पट्ट्या काढून ठेवा. ती तयार नाही. "मॅडम, जाळणं बंद झाल्यावरचे आकडे नकोत का?" म्हणून पाऊस सुरू होईपर्यंत दर सोमवारी पट्ट्या लागणार आहेत, आणि इन्स्पायरसाठी त्या लेसरच्या यंत्राची कल्पना ती स्वतःच्या हातानं लिहून काढते आहे.