तिकडे काय ठेवलंय?

"काकू, सिंहगड सोडून त्या मल्हारगडावर काय ठेवलंय?" आमच्या सोसायटीच्या जिन्यात हे मला इतक्यांनी विचारलंय की एकदाच सगळ्यांना सांगून टाकते. फारसं काही नाही ठेवलेलं. म्हणून तर जाते.

सिंहगडाशी माझं भांडण नाही. पण रविवारी तिथे पुढच्याच्या टाचा बघत चढायचं आणि वर गेलं की पिठलं-भाकरीसाठी ताटकळायचं. शिवाय तानाजी. त्या कड्यावर नुसतं बसताच येत नाही, काहीतरी वाटावं लागतं. मल्हारगडावर काही वाटलं नाही तरी चालतं.

पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी पुण्याहून सासवडला जाणाऱ्या दिवे घाटावर नजर ठेवायला तो बांधला, १७५७ ते १७६० च्या सुमारास. मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला हाच, असं म्हणतात. म्हणजे शेंडेफळच! १७६१ ला पानिपत झालं, १८१८ ला पेशवाई बुडाली. बिचाऱ्याला नाव काढायला सवडच मिळाली नाही. खाली सोनोरी गावात पानशांचा वाडा आहे. वारीबरोबर दिवे घाट चढून आलेल्यांनाही हा गड ठाऊक नसतो.

चढ माझ्या गुडघ्यांना झेपेल एवढाच. दसरा झाला की जावं. गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि कुसळं सलवारीत अशी घुसतात की घरी आल्यावर ती उपटण्यात सीरियलचा एक भाग निघून जातो. सावली मात्र मागू नका, पाणीही आपलंच न्यायचं. एकदा एप्रिलात अकरा वाजता चढले आणि बाटली गाडीतच विसरले. मेंढरं राखणाऱ्या एका आजोबांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं. वर म्हणाले, "पुण्याची मान्सं उन्हाचीच का येत्यात ओ?" जिन्यातल्या प्रश्नापेक्षा हा अवघड.

वर बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव शेजारी-शेजारी आहेत. गडाचं नाव खंडोबावरून, पण महादेवाची त्याबद्दल तक्रार दिसत नाही. मी तटावर बसून दशमी-चटणी खाते. हवा स्वच्छ असली तर जेजुरी दिसते, पुरंदर-वज्रगडाची जोडी दिसते. वाऱ्याने ओढणी धड राहत नाही. तासभर कुणी काही विचारत नाही.

उतरल्यावर सासवडात सीताफळं घेते. ती घेऊन जिना चढताना मात्र कुणी विचारत नाही, तिकडे काय ठेवलंय म्हणून.