धोंडस, आणि फडताळातली अकरा पुस्तकं

शनिवार, रात्री साडेदहा

आज धोंडस, म्हणजे काकडी आणि तांदळाच्या रव्याची गोड वडी, जमलं. पातेलं अजून ओट्यावरच आहे, कडेचा खरपूस थर लेकीने चमच्याने खरवडून खाल्ला, आणि घरभर तूप-वेलदोड्याचा वास आहे. दमले आहे, पण उद्यापर्यंत बारकावे विसरतील, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आषाढात फडताळ आवरायला काढलं तेव्हा स्वयंपाकाची अकरा पुस्तकं निघाली. काही लग्नात आलेली, काही प्रदर्शनातून हौसेने घेतलेली, एक सासरचं, मुखपृष्ठ गळालेलं. तेला-हळदीचे डाग फक्त दोघांवर होते. बाकीच्यांची पानं करकरीत. ती तशी कोरी बघून मला खरंच वाईट वाटलं. कुणीतरी आयुष्यभराचा हात त्यात लिहून ठेवलाय आणि मी ती नुसती पुसून परत ठेवते. त्याच दिवशी ठरवलं, दिवाळीपर्यंत नवीन पुस्तक घ्यायचं नाही आणि दर शनिवारी एक पदार्थ ह्यातलाच करायचा.

पहिल्या शनिवारी आईने दिलेली ‘रुचिरा’ घेतली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. त्यातली मापं वाटी-चमच्याची, त्यामुळे वजनकाटा नसलेल्या घरातही ते चाललं आणि लेकीबाळींना लग्नात द्यायची रीतच पडली. सोपं म्हणून सांजा केला. शिजला छान मोकळा, पण चक्क अळणी. मीठ तर नीट मोजून घातलं होतं. रात्री भांडी घासताना उलगडा झाला. रवा आणि पाणी मी २४० मिलीच्या कपाने मोजलं होतं. दोन्ही एकाच कपाने घेतल्यामुळे प्रमाण बिघडलं नाही. पण चमचा काही कपाबरोबर मोठा झाला नव्हता! मीठ दीडपटीहून थोडं जास्तच लागणार होतं. मग आईच्या घरून आणलेली आमटीची वाटी पाण्याने भरून मोजली. १५० मिली. ती वाटी आता पुस्तकांशेजारीच ठेवली आहे, कुणाला तीतून आमटी वाढू देत नाही.

त्या पुस्तकात आईचे पेन्सिलीचे शेरे आहेत. ‘गूळ कमी चालेल.’ ‘ह्यांना नको.’ डाळिंबी उसळीच्या पानावर ‘१२ माणसं, पुरली नाही.’ कोण बारा माणसं, कधी, काही कळायला मार्ग नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली. त्या पानावर मी बराच वेळ बसून होते.

मधले दोन शनिवार साधे गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

मग गेल्या आठवड्यात ते मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक उघडलं. आजेसासूबाईंचं, रत्नागिरीहून ठाण्याला आलेलं. पानं इतकी पिवळी की उलटताना कोपरे हातात येतात. चाळता चाळता ‘काकडीचें धोंडस’ दिसलं. मी अकोल्याची, हा शब्दच कधी ऐकला नव्हता. फोनवर आपण शोधतो ते नाव ठाऊक असलेलं. धोंडस मी कधी शोधलं असतं? पुस्तकात ते कोशिंबीर शोधता शोधता समोर आलं.

मापं मात्र शेर आणि छटाकात. तांदळाचा रवा पावशेर, गूळ पावशेर, तूप एक छटाक. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, पुस्तक त्याच्या आधीचं. सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, पण तेव्हा शेर गावोगावी वेगळा असे. आजेसासूबाईंचा कुठला, हे कोण सांगणार? कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि सांजाची आठवण झाली. शेर कुठलाही असो, छटाक त्याचा सोळावा हिस्सा. म्हणजे पावशेरात चार छटाक. रवा चार भाग, गूळ चार भाग, तूप एक भाग. प्रश्नच मिटला. दीडशे ग्रॅम रवा, दीडशे ग्रॅम गूळ, अडतीस ग्रॅम तूप.

राहिलं ‘वर-खालीं विस्तव ठेवावा’. चुलतसासूबाईंना फोन लावला.

“काकू, वर-खाली विस्तव म्हणजे तुम्ही काय करायचात?”

“अगं, चुलीवर पातेलं, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर निखारे. तू गॅसवर कर, खाली जाड तवा ठेव. आणि काकडी बाजारातली बारीक नको हो घेऊ, तवसं बघ. बिया काढ, पण पाणी टाकू नकोस. रवा त्याच पाण्यात शिजतो.”

सकाळी जांभळी नाक्याला गेले. तीन ठिकाणी विचारलं, चौथ्या मावशींकडे मिळालं. पिवळट हिरवं, हातभर लांब, जड. किसलं तर दोन वाट्या कीस आणि वर पाणी सुटलेलं वेगळं. तुपातला थोडा भाग पातेल्यासाठी बाजूला काढला आणि उरलेल्यात रवा मंद आचेवर भाजला, अगदी तांबूस होईपर्यंत. घाई केली असती तर पुढे चिकट झाला असता. मग कीस पाण्यासकट, गूळ, अर्धी वाटी खोबरं, चिमूटभर मीठ, वेलदोडा. रव्याने पाणी ओढून घेतलं आणि मिश्रण कडा सोडायला लागलं, तसं ते तूप लावलेल्या जाड पातेल्यात हळदीच्या पानावर थापलं. खाली तवा, वर घट्ट झाकण, आच बारीक. पाऊण तास.

मधे दोनदा झाकण उघडायचा मोह झाला, आवरला. सुरी घातली ती कोरडी निघाली. वरून निखारे नसल्यामुळे वरचा भाग फिकट राहिला, तेवढी एक खंत. पण गार करून वडी कापली आणि हळदीच्या पानाचा वास आला! काकडी नुसत्या चवीला फारशी लागत नाही, ओलाव्याला लागते. लोण्याच्या गोळ्याबरोबर खाल्लं. नवरा दोन घास खाऊन थांबला आणि म्हणाला, “हे मी लहानपणी खाल्लंय. नाव आठवत नव्हतं.” आजी गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

दोन वड्या उद्या काकूंकडे डोंबिवलीला पाठवायच्या आहेत, वरचा भाग फिकट राहिल्याचं सांगून. त्या नक्की काहीतरी सुचवतील.

पुढच्या शनिवारी डाळिंबी उसळ, आईच्या पानावरची. वाल गुरुवारी रात्री भिजत घालायचे, शुक्रवारी फडक्यात बांधायचे, शनिवारी सकाळी कोमट पाण्यात सोलायचे. दोघी नणंदा मुलांसकट येणार आहेत, मोजले तर अकरा जण होतात. चौदा जणांच्या हिशेबाने वाल आणते.