तुम्ही विचारलंत म्हणून: 2019 चीच स्पर्धा का?

संध्याकाळी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवताना मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: अमेरिकेतील कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा मुलांना दाखवायची असेल, तर कोणत्या वर्षाची दाखवावी? मी 2019 असे उत्तर देतो, आणि पुरुषांच्या त्या स्पर्धेचे विजेतेपद व्हर्जिनिया विद्यापीठाने मिळवले होते हे कळताच पालकांची थोडीशी निराशा होते, कारण त्या हंगामात सगळ्यांच्या तोंडी नाव होते ते ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचे. ड्यूक अंतिम चार संघांतही पोहोचले नाही. मिशिगन स्टेटने त्यांना 68-67 असे एका गुणाने घरी पाठवले.

व्हर्जिनियाची गोष्ट मात्र एक वर्ष आधीपासून सांगावी लागते. स्पर्धेत 68 संघ असतात, चार विभागांत प्रत्येकी 1 ते 16 मानांकने असतात, आणि एक सामना हरला की संघ बाहेर. 2018 पर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत सोळावे मानांकन असलेला संघ पहिल्या मानांकिताशी 135 वेळा खेळला होता आणि 135 वेळा हरला होता. 16 मार्च 2018 रोजी शार्लट येथे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने व्हर्जिनियाला 74-54 असे हरवले आणि तो हिशेब मोडला. मध्यंतराला 21-21 अशी बरोबरी होती. ज्या संघाचा बचाव संपूर्ण सामन्यात सरासरी पन्नाशीच्या थोडे पुढे गुण देत असे, त्याने उत्तरार्धातच 53 गुण दिले. व्हर्जिनियाचा खेळाडू डीआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे खेळला नव्हता हे खरे, परंतु वीस गुणांच्या पराभवाला ते कारण पुरत नाही.

व्हर्जिनियाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांची पद्धत त्यांच्या वडिलांकडून, डिक बेनेट यांच्याकडून आलेली होती: बचाव करताना पाचही जणांनी रिंगभोवती दाट राहायचे, प्रतिस्पर्ध्याला आत शिरू द्यायचे नाही, आणि चेंडू आपल्याकडे आला की घाई न करता, फेक करण्यासाठी मिळणारे तीस सेकंदांचे घड्याळ जवळजवळ संपेपर्यंत योग्य संधीची वाट पाहायची. अनेकांना हा खेळ कंटाळवाणा वाटतो आणि मलाही तो काही वेळा वाटला आहे. शिवाय या पद्धतीत एक धोका दडलेला आहे. सामना संथ झाला की दोन्ही संघांच्या वाट्याला चेंडू कमी वेळा येतो, त्यामुळे वरचढ संघाला आपले वरचढपण सिद्ध करण्याच्या पाळ्याही कमी मिळतात, आणि एखाद-दुसऱ्या फेकीवर निकाल फिरू शकतो.

2019 मध्ये तो फिरला, पण त्यांच्या बाजूने. पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकित गार्डनर-वेबविरुद्ध ते मध्यंतराला 30-36 असे मागे पडले, तेव्हा मागच्या वर्षीचे भूत पुन्हा मानगुटीवर बसले असे सगळ्यांनाच वाटले. पुढे त्यांनी तो सामना 71-56 असा काढला. पुढे लुइव्हिल येथे प्रतिस्पर्धी पर्ड्यू संघाच्या कार्सन एडवर्ड्सने दहा थ्री पॉइंटरसह (रेषेबाहेरून केलेली, तीन गुणांची फेक) 42 गुण केले. मला शिकवण्यासारखा वाटतो तो याच सामन्यातला एक क्षण. अवघी 5.9 सेकंदे उरली असताना व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा दुसरा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) चुकला आणि चेंडू उडून मागच्या अर्ध्या मैदानात गेला. पहिल्या वर्षाचा, पाच फूट नऊ इंचांचा त्याचा साथीदार किहेई क्लार्क त्यामागे धावला, आणि त्या जागेवरून रिंगकडे आंधळेपणाने चेंडू भिरकावण्याचा मोह टाळून त्याने ममादी दियाकितेला लांब पास दिला. दियाकितेने फेक केली, घड्याळ संपले आणि चेंडू रिंगमध्ये गेला. बरोबरी 70-70, आणि जादा वेळेत विजय 80-75.

उपांत्य सामना मिनिअॅपोलिसला होता. आपल्याकडे तेव्हा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट होती, आणि घरचे जागे होऊ नयेत म्हणून मी आवाज बंद करून तो पाहत होतो. प्रतिस्पर्धी ऑबर्न दोन गुणांनी पुढे असताना 0.6 सेकंद बाकी राहून व्हर्जिनियाच्या काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले. त्याने तिन्ही रिंगमध्ये टाकले आणि सामना 63-62 असा संपला. 8 एप्रिलच्या अंतिम सामन्यात टेक्सस टेक तीन गुणांनी पुढे होते. साधारण बारा सेकंद उरली असताना हंटरने थ्री पॉइंटर टाकून 68-68 अशी बरोबरी साधली. जादा वेळेत व्हर्जिनियाने बाराच्या बारा फ्री थ्रो रिंगमध्ये टाकले, 85-77 असा विजय मिळवला आणि विद्यापीठाचे पहिले विजेतेपद नोंदवले. आदल्या वर्षी दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या हंटरचे त्यात 27 गुण होते.

या प्रवासाला सूड किंवा न्याय म्हणण्याची पद्धत आहे, पण मला ते पटत नाही. लागोपाठ तीन सामने हातातून गेल्यातच जमा होते. पद्धत दोन्ही वर्षी तीच होती, तिच्यातला धोकाही तोच होता. मुलांना मी शार्लटचा पराभव आधी दाखवतो आणि मग 2019 चे हे तीन शेवट. ऑबर्नच्या सामन्यात त्या फाउलच्या क्षणभर आधी जेरोमने डबल ड्रिबल (चेंडू टप्पे देणे थांबवून पुन्हा टप्पे देणे, जे नियमबाह्य आहे) केले होते आणि पंचांनी ते दिले नाही, हे चित्रीकरणात स्वच्छ दिसते. मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही. दिले असते तर काय झाले असते, असे ती लगेच विचारतात. तर ऑबर्न अंतिम सामना खेळले असते, असे मी सांगतो.