व्हील जड आहे, पण सांगत काहीच नाही

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं सिम सेंटर आहे, म्हणजे कार रेसिंगचे सिम्युलेटर, तीन रिग (सीट, व्हील, पेडल्स असा सेट). गेल्या रविवारी एक सोळा वर्षांचा पोरगा आला, सोबत त्याचे मामा, गंगावेशीच्या तालमीत घाम गाळलेला माणूस. पोरगा हुपरी रोडच्या ट्रॅकवर कार्टिंग करतो. घरी त्याच्याकडं गिअरवालं व्हील आहे, म्हणजे मोटरचा जोर दातेरी चाकांमधनं हाताला येतो तसलं, त्यावरच्या असेटो कोर्सा या रेसिंग गेमच्या सेटिंगची फाईल पेनड्राईव्हमधनं घेऊन आला होता आणि माझ्या साडेपाच न्यूटन मीटर जोराच्या डायरेक्ट ड्राइव्हवर (यात व्हील थेट मोटरलाच जोडलेलं असतं) तीच टाकायची म्हणून हट्ट. टाकली.

गेममधल्या इटलीच्या मोंझा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर हात जरा सैल सोडला की व्हील आपोआप डावं-उजवं थरथरायला लागलं. आणि पाराबोलिकात, म्हणजे तिथल्या शेवटच्या लांब वळणात, तर दगडासारखं घट्ट, तरी गाडी न सांगता बाहेर. चार वेळा वाळूत गेला. मनगटं लाल झाली पण कमी करू देईना, म्हणे कार्टला पॉवर स्टिअरिंग नसतंय, असंच जड लागतंय. त्याचं खरंच आहे, कार्टचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, म्हणून वळताना स्टिअरिंग फिरवलं की आतलं मागचं चाक उचलावं लागतं, म्हणून ते जड. पण इथं जड लागायचं कारणच वेगळं होतं.

मामा म्हणाले मी बसतो. एक लॅप मारला, खाली उतरले आणि म्हणाले, "भावा, हे नुसतं खेचतंय. कुस्तीत समोरच्याच्या मानेवर हात ठेवला की तो कुठं वजन टाकणार ते हाताला कळतंय, इथं कायच कळंना."

तेवढ्यात माझं लक्ष गेमच्या स्क्रीनवरच्या पेडल्स अ‍ॅपमध्ये व्हीलचा जोर दाखवणाऱ्या पट्टीवर गेलं, पाराबोलिकात पूर्ण वेळ लाल! म्हणजे क्लिपिंग. गेम १३० मागतोय, मोटर १०० च्या वर देऊ शकत नाही, मग त्यावरचे सगळे चढउतार एका रेषेत सपाट, मिरवणुकीतला स्पीकर फुल्ल केला की गाण्याचे शब्द फाटतात तसं. खरं तर टायर सुटायच्या जरा आधी व्हील हलकं पडायला पाहिजे, कारण चाकाला सरळ करणारा जोर ग्रिप संपायच्या आधीच उतरायला लागतो. तो हलकेपणाच त्या लाल पट्टीत गेला होता.

गेन, म्हणजे गेम एकूण किती जोर मागणार ते, १०० वरनं ६५ केला, बेस म्हणजे व्हीलची मोटर मात्र फुल्लच ठेवली. पट्टी आता फक्त कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, लाल होत होती. मग थरथरीचं बघितलं तर फाईलमध्ये मिनिमम फोर्स, म्हणजे व्हीलला कमीत कमी द्यायचा जोर, १५. गिअरच्या घर्षणात बारीक जोर मरतात म्हणून तिथं तो लागतोच, पण डायरेक्ट ड्राइव्हला गिअरच नाहीत, मग मधोमध त्याच १५ चे उलटसुलट धक्के बसत होते. शून्य केला आणि थोडं डॅम्पिंग, म्हणजे व्हीलच्या हालचालीला होणारा विरोध, वाढवलं, जास्त नाही, कारण डॅम्पिंग वाढलं की बारीक गोष्टी पुसल्या जातात, मला तरी ते अजिबात आवडत नाही.

पोरगा परत बसला. पाराबोलिकात शिरला, मध्यावर बोटं किंचित सैल झाली, स्टिअरिंग थोडं परत आणलं, गाडी आत राहिली. ओरडलाच, "मामा, हलकं झालं, हलकं झालं!"

नऊला बंद करायचं होतं, दहाला केलं. ते गेल्यावर बाकीच्या दोन्ही रिग तपासल्या, एकावर मिनिमम फोर्स ८ निघाला. कुणी लावला काय माहीत, शून्य केला आणि मगच शटर ओढलं.