पत्रादेवी ते मुरगाव: एका जुन्या भाषणाची दुरुस्ती

फोंड्याच्या एका मराठी वाचनालयाने 'आजचे जग आणि आपण' या विषयावर बोलायला बोलावले, तेव्हा मी लगेच होकार दिला; कारण याच विषयावर मी तीस वर्षे बोलत आलो होतो आणि अलीकडे माझेच बोलणे मला पटेनासे झाले होते. मी सावंतवाडी तालुक्यातला, एके काळचा पंचायत समितीचा सभापती आणि पुढे जिल्हा परिषदेचा सदस्य. दर 19 डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाच्या भाषणासाठी मला सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक बोलवीत. त्या भाषणातले एक वाक्य हमखास टाळ्या घ्यायचे: सगळे बडे देश आपल्यावर उलटले, तेव्हा सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने, म्हणजे व्हेटोने, आपली बाजू राखली.

या वेळी सकाळीच निघालो आणि बांद्याहून पुढे येऊन गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला गाडी थांबवली. रात्रभर पाऊस झाला होता. स्मारकाजवळच्या चिऱ्यांवर शेवाळ धरले होते आणि कुणीतरी आदल्या दिवशी वाहिलेले जास्वंदीचे फूल भिजून दगडाला चिकटून बसले होते. 15 ऑगस्ट 1955 रोजी हातात तिरंगा घेतलेले निःशस्त्र सत्याग्रही इथून आणि इतर अनेक वाटांनी गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबचा कर्नेल सिंग बेनिपाल हा तरुण होता. माझ्या वडिलांनी त्या आठवड्यात बांद्याला सत्याग्रहींच्या जेवणासाठी तांदूळ पोचवला होता, आणि जेवून गेलेल्यांपैकी किती परत आले हे आपण मोजत बसलो होतो, असे ते सांगत. हुतात्मा हा शब्द त्यांनी घरात कधी वापरला नाही. 'ती पोरं' असेच म्हणत.

तिथे उभा असताना एक गोष्ट मला पुन्हा जाणवली. पंडित नेहरूंच्या सरकारने सैन्य पाठवले ते यानंतर सहा वर्षांनी. मधल्या काळात वाटाघाटी, नाकेबंदी, आंतरराष्ट्रीय न्यायालय असे सगळे झाले आणि लिस्बनमध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे यापलीकडे सरकायला तयार नव्हते.

म्हापसा, परवरी मागे टाकून पणजीला आझाद मैदानावर आलो. तिथे गोव्याच्या मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मरण केल्याशिवाय मी पुढे जात नाही. 1946 मध्ये पोर्तुगीजांच्या लष्करी न्यायालयाने या वृद्धत्वाकडे झुकलेल्या माणसाला शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडले. गोव्याचा प्रश्न हा साऱ्या वसाहतींच्या प्रश्नाचा भाग आहे, हे त्यांनी फार आधी ओळखले होते. लहान मुलखातल्या माणसाला जगाचे राजकारण समजून घ्यावेच लागते, कारण त्याच्या घराचा निकाल अनेकदा दूरच्या खोलीत लागतो.

गोव्याचाही तसा लागत होता. 18 डिसेंबर 1961 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्ध थांबवा, भारतीय सैन्य मागे घ्या, असा ठराव आणला. बाजूने सात मते पडली, विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. परिषदेच्या एकाही कायम सदस्याने विरोधी मत दिले तर ठराव पडतो; सोव्हिएत संघाचे मत हाच तो व्हेटो होता, म्हणून ठराव पडला, आणि दुसऱ्या दिवशी इथला गव्हर्नर जनरल शरण आला. माझ्या भाषणातले टाळ्यांचे वाक्य ते हेच.

परंतु रशियाच्या त्याच व्हेटोने 25 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव पाडला. बाजूने अकरा मते होती आणि आपला देश तटस्थ राहिला होता. पुढे 8 डिसेंबर 2023 रोजी गाझातल्या युद्धविरामाचा ठराव तेरा मते मिळूनही अमेरिकेच्या एका हाताने पडला. चारच दिवसांनी आमसभेत 153 देशांनी, त्यांत भारतानेही, युद्धविराम मागितला, पण आमसभेच्या ठरावाला सक्तीचे बळ नसते. ज्या हत्याराने माझी बाजू राखली त्याची मी तीस वर्षे आरती केली आणि त्याची दुसरी धार दुसऱ्यांच्या मुलांवर चालते आहे हे मला फार उशिरा दिसले. हे लिहिताना मला वाईट वाटते आणि ते लपवण्याचे कारण नाही.

दुपारी वास्कोला एका जुन्या स्नेह्यांकडे जेवलो. त्यांचा मुलगा जहाजावर आहे. अशा माणसाला इथे तारवटी म्हणतात. 2023 च्या नोव्हेंबरपासून गाझातल्या युद्धावरून येमेनमधले हूथी बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करू लागले, तेव्हा अनेक कंपन्यांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. मुलाचे जहाजही तसेच गेले. वहिनींनी फोनमधला नकाशा मला दाखवला आणि केप ऑफ गुड होपवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, या वाटेनं पोर्तुगीज आले होते ना?" ज्याच्या नावाने त्यांचे शहर ओळखले जाते, तो वास्को द गामा 1497-98 मध्ये याच वळशाने कालिकतला पोचला होता. मार्च 2024 मध्ये एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून एका मालवाहू जहाजावरचे तीन खलाशी मेले, दोन फिलिपिन्सचे आणि एक व्हिएतनामचा. त्या युद्धाशी त्यांच्या देशांचा काही संबंध नव्हता. तो आठवडाभर वहिनींनी टीव्ही लावला नव्हता.

जेवणानंतर आम्ही मुरगाव बंदराच्या बाजूला गेलो. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून जर्मन जहाजे या बंदरात आसऱ्याला येऊन थांबली होती. मार्च 1943 मध्ये इंग्रजांच्या माणसांनी रात्री येऊन त्यांतल्या एरेनफेल्सवर छापा घातला, आणि बाकीची जहाजे खलाशांनी स्वतःच बुडवली. तटस्थ बंदरात शिरलेले युद्ध ते असे.

संध्याकाळी बोरीच्या पुलावरून फोंड्याला पोचलो. वाचनालयाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. मी जुने वाक्य सांगितले आणि ते मी का मागे घेतो आहे तेही सांगितले. व्हेटो आपल्या बाजूने पडला म्हणून गोव्याची मुक्ती न्याय्य ठरली नाही. इथल्या माणसांना परकी सत्ता नको होती म्हणून ती न्याय्य होती. हीच कसोटी मित्रदेशाला आणि शत्रुदेशाला सारखी लावली पाहिजे, आणि आपला देश तटस्थ राहतो तेव्हा त्यालाही हा प्रश्न विचारला पाहिजे, असे मी म्हणालो.

एक तरुण उठून म्हणाला, "सर, रशियानेही क्रिमियात लोकांचा कौल घेतलाच होता की." 2014 मध्ये युक्रेनच्या क्रिमियात रशियन सैन्य शिरल्यावर जे मतदान झाले, त्याबद्दल तो बोलत होता. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक वयोवृद्ध गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात त्यांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, शिक्का मारला होता. दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूने, 1,72,191 मते पडली आणि फुलाला 1,38,170.

"आम्ही हरलो," ते म्हणाले. "सत्तेवर मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं आमचंच सरकार होतं, पण कौल घ्यायच्या आधी ते बाजूला झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. हरल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही. पण मत टाकायला गेलो तेव्हा दारात परदेशी शिपाई बंदूक घेऊन उभा नव्हता, आणि माझा शेजारी दोन पानांवर शिक्का मारून माझ्याबरोबरच घरी चालत आला." मग त्या तरुणाकडे वळून त्यांनी विचारले, "क्रिमियात तसं होतं का रे, बाबा?"

तरुण थोडा वेळ उभा राहिला आणि मान हलवून खाली बसला.